रिकामी इमारत, आधारासह घरं आणि आपण शेजारी

उंबरठा:
आमच्या वस्तीत एक चार मजली इमारत कित्येक वर्षं रिकामी आहे. आधी कार्यालयं होती, आता दाराला साखळी. तिथे सत्तर घरांचं सपोर्टिव्ह हाउसिंग, म्हणजे आधारासह घरं, करायचा प्रस्ताव आलाय आणि पुढच्या बैठकीत मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.

आधी हे काय असतं ते सांगते, कारण बरेच जण निवारागृह समजून भांडायला येतात. निवारागृहात खाट मिळते, तीही रात्रीपुरती. इथे माणसाला स्वतःची खोली मिळते, भाडेकरार त्याच्या नावावर होतो आणि किल्ली त्याच्या खिशात असते. शिवाय औषधं, कागदपत्रं, बँक, एखादा वाईट दिवस, या सगळ्यासाठी हाकेच्या अंतरावर कर्मचारी असतात. बेघर झालेले, दीर्घ मानसिक आजार असलेले, आईवडिलांमागे एकटे पडलेले लोक इथे राहतात.

आधी बरे व्हा, व्यसन सोडा, मग घर देऊ, ही जुनी रीत होती. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी ती उलटी केली : आधी घर, बाकीचं मागून. फिनलंडने 2008 पासून तेच देशाचं धोरण केलं. हेलसिंकीतलं साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं 250 खाटांचं निवारागृह पूर्ण बदलून तिथे 81 स्वतंत्र घरं केली. इमारत तीच होती, पण खाटांच्या जागी दारं आली.

मग आपल्या वस्तीत का नको? तुमचं मत सांगा.

सरळमार्गी:
मी विरोधात आहे. माझ्या मनात या लोकांबद्दल राग नाही, हे आधीच सांगतो.

कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर मोठा प्रयोग झाला, ‘अॅट होम’ या नावाने. शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी 62 टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले, नेहमीच्या व्यवस्थेतले 31 टक्के. फरक मोठा आहे, मान्य. पण त्यांतल्या बहुतेकांना शहरभर विखुरलेल्या साध्या भाड्याच्या घरांत ठेवलं होतं. एकाच इमारतीत सत्तर-ऐंशी जण गोळा केले नव्हते. शिवाय व्यसन आणि आजाराची लक्षणं या बाबतीत दोन गटांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे घर टिकतं, त्रास उरतो. तो उरलेला त्रास एका गल्लीने का पेलायचा? दहा गल्ल्यांत वाटा ना. त्या माणसांनाही ते बरं. ‘ती इमारत’ असा शिक्का तरी बसणार नाही.

उंबरठा:
शिक्क्याचा मुद्दा मला पटतो. पण त्याच प्रयोगात व्हँकुव्हरला एक पूर्ण हॉटेल घेतलं होतं, बॉस्मन नावाचं. तिथे साधारण शंभर जण एकत्र राहिले. घर टिकण्यात हा गट आणि विखुरलेला गट, दोन्ही नेहमीच्या व्यवस्थेच्या बरेच पुढे होते. त्यामुळे ‘एकत्र ठेवलं की बिघडतं’ असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणि विखुरलेली घरं द्यायला घरमालक तयार लागतात. आजाराचं नाव ऐकलं की किती घरमालक किल्ली देतात, ते आपण सगळे जाणतो.

नकाशा:
मी वास्तुरचनाकार आहे. दोन्ही बाजू माणसांवर भांडताहेत, इमारतीकडे कुणी बघितलंय का?

कार्यालयाची इमारत राहण्यासाठी बांधलेली नसते. मजला खोल असतो, खिडक्या फक्त कडेला. मधल्या भागात भिंती घातल्या की खोल्या अंधाऱ्या होतात. शौचालयं मजल्याच्या एका कोपऱ्यात असतात. प्रत्येक खोलीत मोरी-संडास द्यायचा तर सांडपाण्याच्या नळांना उतार मिळेपर्यंत जमीन उचलावी लागते आणि छत डोक्यावर येतं. दिवसा जागी असलेली शंभर माणसं बाहेर काढायला पुरणारा जिना, रात्री झोपेच्या गोळ्या घेतलेल्यांना पुरेल असं नाही.

इंग्लंडने 2013 मध्ये कार्यालयांची घरं करायला नेहमीच्या नियोजन परवानगीची अट काढून टाकली. बऱ्याच ठिकाणी अगदी चिंचोळी घरं झाली, काहींना तर धड खिडकीही नव्हती. 2020 च्या सरकारी अभ्यासात अशांपैकी जेमतेम 22 टक्के घरं क्षेत्रफळाच्या राष्ट्रीय मानकात बसली. मग त्याच वर्षी प्रत्येक राहत्या खोलीला नैसर्गिक उजेड हवा, असा नियम करावा लागला. आधीच खचलेल्या माणसाला बिनखिडकीची खोली द्यायची आणि त्याला घर म्हणायचं, हे मला मान्य नाही. जुनं हॉटेल किंवा वसतिगृह असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खोलीगणिक खिडकी आणि नळ आधीच असतो.

पलीकडची खिडकी:
मी अशा इमारतीच्या समोर सहा वर्षं राहिले आहे, म्हणून लिहिते.

पहिली दोन वर्षं काही त्रास नव्हता. दाराशी माणूस असायचा, नावाने ओळखायचा. मग खर्चाला कात्री लागली आणि संध्याकाळी सहानंतर तिथे कुणीच उरेना. एका रात्री एक बाई अनवाणी रस्त्याच्या मध्ये उभी राहून दोन तास कुणाला तरी हाका मारत होती. मी खाली गेले, तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. दारावर लिहिलेल्या नंबरवर अकरा वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. ती थंडीने कापत होती आणि मला काय करायचं ते कळत नव्हतं. मला तिची भीती वाटली नाही. तिला तिथे आणून सोडून गेलेल्यांचा संताप आला.

तेव्हापासून मी अशा प्रस्तावाला हात वर करत नाही. इमारत बांधायला एकदा पैसे मिळतात, फीत कापली जाते. माणसांचा पगार दरवर्षी द्यावा लागतो आणि तिथे सगळे गळतात.

सरळमार्गी:
ताई, हेच मला म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही. घरांच्या किमतीचं काय, तेही कुणीतरी बोला.

उंबरठा:
किमतींबद्दल माहिती आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फर्मन सेंटरने 2008 मध्ये तिथल्या 123 सपोर्टिव्ह हाउसिंग प्रकल्पांभोवतीच्या विक्रीचे व्यवहार तपासले. 500 फुटांच्या आतल्या मालमत्तांच्या किमती प्रकल्प सुरू झाल्यावर पडल्या नाहीत. पडीक इमारत दुरुस्त होऊन तिथे दिवे लागले, तर शेजाऱ्याचं नुकसान होईलच असं नाही.

पण खिडकीताईंच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. अकरा फोन वाचून मी थांबलेच.

रातराणी:
माझ्याकडे थोडं आहे. मी अशाच एका जागी चार वर्षं रात्रपाळी केली. जुनं हॉटेल होतं, खोल्या छोट्या, पण प्रत्येकीला खिडकी.

एक काका बरीच वर्षं रस्त्यावर काढून आले होते. पहिल्या रात्री अकरा वाजता त्यांच्या दाराचा आवाज सुरू झाला. आतून कुलूप लावायचे, उघडायचे, बाहेर यायचे, बाहेरून लावायचे, पुन्हा उघडायचे. तीन वाजेपर्यंत हे चाललं. मी विचारलं, काका, कुलूप बिघडलंय का? म्हणाले, नाही, बघतोय. झोपले ते जमिनीवर, दाराला पाठ लावून. पलंगावर यायला त्यांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत शेजारच्या खोलीतून आवाजाच्या तक्रारी आल्या आणि त्या मी ऐकून घेतल्या, कारण मी तिथे होते. मी नसते तर त्या तक्रारी रस्त्यापलीकडे गेल्या असत्या.

त्यामुळे सरळमार्गी, तुम्ही म्हणता तो उरलेला त्रास खरा आहे. पण तो गल्लीने पेलायचा नसतो, रात्रपाळीच्या माणसाने पेलायचा असतो. त्याचंच पद सगळ्यात आधी रद्द होतं.

पलीकडची खिडकी:
असं कुणी समोर असतं तर मी आजही तिथेच राहत असते. उंबरठा, बैठकीत हे लेखी घ्या. चोवीस तास माणूस, निदान दहा वर्षांच्या पगाराची तजवीज करारात, आणि ते बंद झालं तर नवीन माणसं आत घ्यायची नाहीत. एवढं असेल तर मी सही करेन.

सरळमार्गी:
मी अजूनही नाहीच म्हणेन. सत्तर घरं एका जागी हे जास्तच आहे. तीस केली आणि बाकीचे मजले साध्या भाडेकरूंना दिले तर विचार करेन.

उंबरठा:
मिश्र वस्तीचा दाखला आहे. न्यूयॉर्कमधलं टाइम्स स्क्वेअरजवळचं जुनं हॉटेल रोझॅन हॅगर्टी यांच्या संस्थेने 1990 च्या दशकात बदललं. 652 घरं, आणि त्यांत बेघर राहिलेल्यांबरोबर कमी पगारावर काम करणारेही. हे मी मांडते. नकाशा, बैठकीआधी एकदा मजल्यांचे आराखडे बघाल का? मधला भाग खोल्यांना न देता वाचनालय, स्वयंपाकघर, कर्मचाऱ्यांची जागा यांना देता येईल का, एवढंच हवंय.

नकाशा:
पाठवा. जिन्यांची रुंदी आणि सांडपाण्याच्या नळांच्या जागा त्यात असू द्या.

रातराणी:
आणि दारावरचा नंबर कुठल्यातरी मुख्य कार्यालयाचा नको. तळमजल्यावरच्या टेबलावर वाजणारा हवा.