‘डीफॉल्ट’ फोल्डर : थकबाकी, मूळ की नेमणूक?

कर्वेनगरला राहणारे माझे काका एका सहकारी बँकेच्या कर्जवसुली खात्यातून निवृत्त झाले. गेल्या रविवारी त्यांचा घरचा कॉम्प्युटर आवरायला बसलो होतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरून त्याची पट्टी लाल झालेली, डी जवळजवळ रिकामा. डॉक्युमेंट्स डीवर हलवावं म्हणून त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि लोकेशनवर गेलो. तिथे खाली तीन बटणं दिसतात, त्यातलं पहिलं ‘रीस्टोअर डीफॉल्ट’. काकांनी माझा हातच धरला. “अरे, चांगल्या खात्याला परत डीफॉल्टमध्ये कशाला ढकलतोस?”

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, आणि डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार, हेच त्यांनी जन्मभर वापरलं. कायद्याच्या मराठीत याच शब्दाला ‘कसूर’ म्हणतात. इंग्रजीतही या शब्दाचा मूळ अर्थ उणीव, कमी पडणं असाच आहे. प्रतिवादी कोर्टात हजरच झाला नाही, तर त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो. कॉम्प्युटरमधला अर्थ याच गैरहजेरीच्या वाटेने आला : तुम्ही काही सांगितलं नाहीत, म्हणून हे झालं.

म्हणूनच ‘डीफॉल्ट फोल्डर’साठी ‘मूळ फोल्डर’ किंवा ‘मूलभूत फोल्डर’ हे शब्द मला पटत नाहीत. मूळ म्हटलं की हलवलं तर झाड मरेल अशी भीती बसते. ‘पूर्वनिर्धारित’ अर्थाने बरोबर आहे, पण फोनवर कुणाला समजावताना तो तोंडात येत नाही. शिवाय आधी ठरवलंय म्हणजे आता बदलता येणार नाही, असाही वास त्याला आहे. खरा अर्थ अमृततुल्यात कळतो. ‘एक चहा’ एवढंच म्हटलं की साखर घातलेला चहा येतो. साखर हवी असं कुणी सांगत नाही. नको असेल तरच तोंड उघडायचं.

काकांना मी शेवटी त्यांच्याच भाषेत सांगितलं : “काका, ही या फोल्डरची नेमणूक आहे. तुम्ही काही कळवलं नाहीत म्हणून कंपनीने सी ड्राइव्हवर नेमलंय. आपण त्याची डीला बदली करतोय. ‘रीस्टोअर डीफॉल्ट’ म्हणजे परत पहिल्या नेमणुकीच्या गावी.” लगेच समजलं. वर त्यांनीच विचारलं, “मग बदलीबरोबर सामान जाणार ना?” जातं. जागा बदलली की विंडोज विचारतं, जुन्या जागेतल्या फायलीही हलवू का? तिथे ‘हो’ म्हणायचं. फक्त आधी डीवर एक वेगळं फोल्डर करून तेच निवडायचं. नुसता डी ड्राइव्ह दाखवला तर आख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि मागाहून निस्तरणं कठीण जातं.

तेव्हा माझी सूचना : डीफॉल्ट फोल्डरला ‘नेमलेलं फोल्डर’ म्हणावं. सी ड्राइव्हवर यूजर्समध्ये आपल्या नावाचं जे घर असतं, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज ही नेमलेली मंडळी. तिथेच लपलेलं ॲपडेटा मात्र प्रोग्रॅमांचं स्वतःचं सामान. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स यांच्यासारखंच त्यालाही हात लावायचा नाही. त्यांना खुशाल ‘मूळ’ म्हणा, तिथे ती भीती उपयोगाची आहे.

दुसरा मुद्दा क्रियापदाचा, आणि तो मला जास्त जिव्हाळ्याचा आहे. मागे एकदा मी काकूंना फोनवर म्हणालो, “डाउनलोड्स साफ करून टाका.” त्यांनी केलं. विम्याची पावती, नातवाच्या मुंजीची पत्रिका, सगळं गेलं. रीसायकल बिनमधून परत मिळालं म्हणून बरं. आपल्याकडे ‘साफ’ म्हणजे काही न उरणं : ताट साफ, पाकीट साफ. मी म्हणायला हवं होतं ‘आवरा’. जेवणानंतर मागचं आवरतात तेव्हा उरलेली भाजी लहान भांड्यात जाते, भांडी घासायला जातात, खरकटं तेवढं टाकतात. आवरण्यात टाकणं हा एक छोटा भाग आहे, बाकी सगळं जागच्या जागी लावणं. डाउनलोड्सचंही तेच : पावत्या डॉक्युमेंट्समध्ये, फोटो पिक्चर्समध्ये, आणि एकदा वापरून झालेल्या सेटअपच्या फायली तेवढ्या खरकट्यात. ‘साफ करा’ हे टेम्पररी फायलींसाठी ठेवावं.

राहिला ‘फोल्डर’. ‘धारिका’ कुणी फाइलला म्हणतं, कुणी फोल्डरला, त्यामुळे घोळ वाढतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. अनेक कागद, एक बांधणी, वर चिठ्ठी : फोल्डर याहून वेगळं काय असतं? आज कुणी ‘नवा रुमाल उघड’ म्हणणार नाही, हे मान्य. म्हणून मी बोलताना फोल्डरच म्हणतो. पण काकांच्या डी ड्राइव्हवर जुन्या पासबुकांच्या स्कॅनसाठी जे फोल्डर केलं, त्याला त्यांनी स्वतः नाव दिलं : ‘रुमाल 1’.