‘कार्डात पैसे टाका, सिबिल वाढवा’: नागपुरातल्या मनीषनगरच्या सोसायटी ग्रुपवरचा एक रविवार

ढोबळे (३०४), स. ८:०५
फॉरवर्ड केलेला मेसेज
“सिबिल खराब? टेन्शन सोडा! आमचे प्रीपेड कार्ड घ्या. दर महिन्याला फक्त ५,००० लोड करा. ९० दिवसांत स्कोअर ७५० गॅरंटीड! जॉयनिंग फी १,४९९. ऑफर आजच्यापुरती.”

ढोबळे (३०४)
कोणाले पाहिजे असन त पाहा बाप्पा. माह्या साळ्यानं पाठवला.

सुहास (१०३)
भाऊ, लिंक टाका न. मला खरंच पाहिजे आहे. परवा गाडीचं लोन रिजेक्ट झालं. स्कोअर ६१२ म्हणे.

कुंदा काकू (१०१)
ते कार्डाचं मागून बोला. आज नळाला पाणी काहून नाही?

गायधने, सचिव
काकू, टाकी धुऊन राहिले आहेत. १० वाजता सुरू होईल. काल सूचना टाकली होती.

कुंदा काकू (१०१)
काल ग्रुपवर तीस गुड मॉर्निंग होते, त्यात दिसली नाही.

वानखेडे काका (२०२), स. ८:३१
सुहास, त्या लिंकला हात लावू नको. चहा घेऊन लिहितो.

ढोबळे (३०४)
काकांचा चहा म्हंजे पाऊण तास. तोवर कोणी तर्री पोहे आणाले जाऊन राहिलं का चौकात?

वानखेडे काका (२०२), स. ८:५८
हां, लिहितो. प्रीपेड कार्डानं सिबिल वाढत नाही. एक पॉइंटही नाही. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली ११ कर्ज विभागात, म्हणून सांगून राहिलो.

इतवारीत किराणा भरायला जातो त्या दुकानदाराची लाल वही आठव. रोखीनं सामान नेणाऱ्याचं नाव त्या वहीत राहते का? नाही. वीस वर्षं रोखीनं नेलं तरी नाही. नाव उधारीवाल्याचंच राहते: कधी नेलं, कधी दिलं, किती थकवलं. सिबिल म्हणजे ती वही. प्रीपेड कार्डात तूच आधी पैसे टाकतो, तेच खर्च करतो. कोणी तुला उधार दिलं नाही, तर तू परत करतो की नाही हे कोणाला कसं कळणार?

आणि सिबिल ही एकच वही नाही. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली चालतात. स्कोअर ३०० ते ९००. यातली कोणतीच कंपनी “गॅरंटीड ७५०” असं म्हणत नाही. जो म्हणतो त्याच्याकडे पाठ फिरवायची.

रश्मी (३०१)
काका परफेक्ट. फास्टॅग हेसुद्धा प्रीपेडच आहे. मेट्रोचं महाकार्ड पण. रोज बर्डी ते खापरी करून माझा स्कोअर वाढला असता तर आज ९०० असता.

ढोबळे (३०४)
म्हंजे टोल भरू भरू मी पण करोडपती झालो असतो.

सुहास (१०३)
पण काका, एक समजत नाही. मी तर कधी लोन घेतलंच नाही. क्रेडिट कार्ड नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एक कार्ड होतं, तेही प्रीपेडच. उधारीच नाही तर ६१२ आला कुठून? वहीत नावच नको ना?

वानखेडे काका (२०२)
अगदी बरोबर पकडलं. ज्यानं कधी उधार घेतलं नाही त्याचा स्कोअर कमी नसतो, स्कोअरच नसतो. तुझ्या नावावर कुठंतरी काहीतरी चढलं आहे. अंदाज करत बसू नको, रिपोर्ट काढ. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्याच वेबसाईटवरून काढ. मधल्या ॲपला ४९९ देऊ नको.

कुंदा काकू (१०१), स. ९:२०
आता माझं. नातू पुण्याला होस्टेलला चालला. त्याला महिन्याचे ४,००० कसे द्यायचे? त्याच्या मायनं आपलं एटीएम कार्ड देऊन पाहिलं, त्यानं एका रात्रीत ९,००० चे बूट मागवले.

रश्मी (३०१)
काकू, त्याला प्रीपेड कार्ड एकदम बरोबर. जेवढं टाकाल तेवढंच उडणार, तुमच्या खात्यापर्यंत हात जात नाही. फक्त दोन प्रकार समजून घ्या. नुसत्या मोबाईल ओटीपी आणि ओळखपत्राच्या नंबरवर मिळते ते छोटं: त्यात १०,००० पेक्षा जास्त ठेवता येत नाही, वर्षाला १,२०,००० च्या वर भरता येत नाही, एटीएममधून रोख निघत नाही आणि दुसऱ्याला ट्रान्सफरही होत नाही. पूर्ण केवायसी केलं की २ लाखांपर्यंत ठेवता येतात आणि रोखही काढता येते. बँकेचं नसलेलं कार्ड असेल तर एका वेळी २,००० आणि महिन्याला १०,००० इतकीच.

कुंदा काकू (१०१)
रोख निघत नाही तेच बरं. छोटंच घेते.

रश्मी (३०१)
पण त्यात जास्त पैसे साठवून ठेवू नका. व्याज शून्य. आणि घेण्याआधी चार्जेसचं पान वाचा: कार्ड बनवायचे किती, दर वेळी पैसे भरायचे किती, वापरलं नाही तर किती. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या कार्डातून दर महिन्याला थोडे थोडे कापून कापून साडेतीनशे गेले. तिला वाटे कँटीनवाला जास्त लावून राहिला.

गायधने, सचिव
पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? गेटसमोरून काढा. टँकर आत येऊन राहिला.

ढोबळे (३०४)
पाहुण्याची हाय. काढतो.
रश्मीताई, गणपतीत कंपनीनं गिफ्ट कार्ड देलं होतं २,००० चं. बायकोच्या कपाटात हाय. चालन का अजून?

रश्मी (३०१)
कोणत्या गणपतीत, भाऊ? गिफ्ट कार्डाची मुदत कमीत कमी एक वर्ष राहते. मागच्या मोसमातलं असेल तर आजच पाहा. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोखही मिळत नाही. मुदत संपली असली तरी एकदा कंपनीला विचारा, नवीन करून देतात.

सुहास (१०३), स. १०:४०
[फोटो]

वानखेडे काका (२०२)
सुहास, फोटो उडव. आधी उडव. तुझा पॅन, जन्मतारीख, पत्ता सगळं दिसून राहिलं आहे. ८४ लोकं आहेत ग्रुपवर.

सुहास (१०३)
हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

सुहास (१०३)
सॉरी. लिहितो. एकच खातं आहे. प्रकार ‘कन्झ्युमर लोन’, एका फायनान्स कंपनीचं, मार्च २०२२. थकबाकी ३,९६०. त्या महिन्यांच्या चौकटीत आधी ००० ०००, मग ०३०, ०६१, ०९१ असं चढत गेलं आहे. या कंपनीचं नावही मी ऐकलं नाही!

रश्मी (३०१)
ते आकडे म्हणजे किती दिवस थकलं ते; ००० म्हणजे वेळेवर. ते जे ‘प्रीपेड’ कार्ड म्हणतोस, ते सापडेल का? मागची बाजू पाहा.

सुहास (१०३), स. ११:०२
सापडलं. नारिंगी कार्ड. मागं एकदम बारीक अक्षरात एका बँकेचं नाव आणि ‘प्रीपेड कार्ड’ असं छापलं आहे. म्हणूनच मी प्रीपेड समजत होतो ना! पण आता आठवलं, मी त्यात कधी पैसे भरलेच नव्हते. आपोआप १०,००० दिसायचे. महिन्याच्या शेवटी ॲपवर भरायचे. बर्डीवरचे बूट आणि धरमपेठेतलं एक बिल राहिलं होतं, २,१८०. मग ॲप बंद पडलं, मी नंबर बदलला, विसरलो.

रश्मी (३०१)
झालं. त्या वेळी हे फार चाललं होतं. कार्डाचं खोकं प्रीपेडचं, आत पैसे फायनान्स कंपनीच्या कर्जाचे. २० जून २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं पत्र काढलं की बँकेतर कंपन्यांच्या प्रीपेड कार्डात कर्जाच्या लाईनमधून (म्हणजे मंजूर उधारीतून) पैसे भरता येणार नाहीत, आणि अशी बरीच कार्डं रातोरात थंडावली. कार्ड थंडावलं, थकबाकी थोडीच थंडावते.

वानखेडे काका (२०२)
कार्डावर काय छापलं आहे ते पाहून काही होत नाही, पोरा. आत पैसे कोणाचे ते पाहायचं. तुझे असतील तर वही कोरी, त्यांचे असतील तर पहिल्या दिवसापासून वहीत नाव.

ढोबळे (३०४)
सुहास, त्याहिले फोन लाव अन् म्हण १,५०० देतो, मिटवून टाका. देतात सोडून. माह्या मित्रानं असंच केलं.

वानखेडे काका (२०२), स. ११:२५
ढोबळे, तुमच्या मित्राचा रिपोर्ट पाहिला का तुम्ही? अर्ध्यात मिटवलं की त्या खात्यापुढं ‘सेटल्ड’ असं लागते. पुढं कर्ज देणारा ते वाचतो म्हणजे: यानं पूर्ण दिले नाहीत. मी स्वतः अशा फाईली बाजूला ठेवल्या आहेत. ३,९६० साठी तो शिक्का कशाला घ्यायचा?

सुहास, असं कर. त्या फायनान्स कंपनीला ईमेल टाक, हिशेब माग. मूळ २,१८० वर बाकीचे कशाचे लावले ते विचार. चुकीचे लावले असतील तर भांड, पण जे योग्य असेल ते पूर्ण भर. फोनवर कोणी यूपीआय आयडी देईल त्यावर भरू नको, त्यांच्या अधिकृत खात्यावरच. मग नो ड्यूज पत्र (काही देणं बाकी नाही असं) घे आणि खातं ‘क्लोज्ड’ दिसेपर्यंत पाठ सोडू नको. जानेवारी २०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, पूर्वीसारखे दोन-दोन महिने जात नाहीत. नाही सुधारलं तर सिबिलच्या साईटवर तक्रार टाक. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये त्यांनी तुला द्यायचे, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. फारसं कोणी मागत नाही. माग.

सुहास (१०३)
आणि भरल्यावर स्कोअर लगेच वर?

वानखेडे काका (२०२)
नाही. ते ०३०, ०६१ पुसले जात नाहीत. रिपोर्टात ३६ महिन्यांचा हिशेब दिसतो, जुनं हळूहळू मागं सरकते. पुढं नवीन ‘०००’ भरत राहायचे. त्यासाठी वहीत नाव लागते, आणि आता तुला साधं क्रेडिट कार्ड कोणी देणार नाही. तर एफडीवरचं कार्ड घे. आपल्या बँकेत २०,००० ची एफडी कर, त्यावर १६ ते २० हजारांची मर्यादा मिळते, बँकेप्रमाणे. दिसायला तेही तुझ्याच पैशांचं वाटते, पण एफडी फक्त तारण आहे. खर्च होतो तो बँकेचा पैसा, म्हणून दर महिन्याची नोंद सिबिलला जाते. एफडीवर व्याजही चालू राहते.

सुहास (१०३)
मग त्यातून सगळा किराणा करू का? जास्त वापरलं तर लवकर वाढेल?

वानखेडे काका (२०२)
इथंच पोरं मार खातात. १८,००० ची मर्यादा असेल तर पाचेक हजारांच्या आत राहा. पेट्रोल आणि मोबाईलचं बिल, बस. बिल पूर्ण भर, खात्यातून आपोआप कटेल असं लावून ठेव. ‘मिनिमम ड्यू’ हा शब्द विसर. १०,००० च्या बिलावर ५०० भरले की बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के लागते. वर्षाचे ४२ झाले, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. सावकारही लाजतो. आणि एफडी आहे म्हणून थकवलं तर बँक एफडी मोडून पैसे वळते करून घेईल, पण तुझ्या नावापुढं डाग लागेलच.

कुंदा काकू (१०१)
वानखेडे भाऊजी, नातवाला पण हेच एफडीवालं द्यायचं का मग?

वानखेडे काका (२०२)
नाही वहिनी. बूट घेणाऱ्याला आत्ता प्रीपेडच. वर्षभर पाहा. मग कमवायला लागला की बोलू.

सुहास (१०३), दु. १२:१०
ईमेल टाकला. काका, सीसीमध्ये तुम्हाला ठेवलं आहे. संध्याकाळी एफडीचा फॉर्म दाखवायला येतो.

वानखेडे काका (२०२)
ये. चार नंतर ये, दुपारी झोपतो.

ढोबळे (३०४), दु. १२:३४
काका, एक गोष्ट. साळ्याले आत्ता फोन केला. त्यानं ते १,४९९ काल रात्रीच भरले. आधारचा फोटो पण देला, अन् एक ओटीपी पण सांगितला म्हणते.

वानखेडे काका (२०२)
कशाचा ओटीपी?

ढोबळे (३०४)
त्याले माहीत नाही.

रश्मी (३०१)
भाऊ, त्याला आत्ताच्या आत्ता १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लावायला सांगा. आणि बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय सगळं बंद. आधी बँक.

ढोबळे (३०४)
लाऊन राहिलो. दुसऱ्या फोनवरून लाऊन राहिलो, तो रडून राहिला.