चेहऱ्यावरच्या प्रत्येक शंकेला बायोप्सी कशाला?

विषय मांडणारी:
गेल्या वर्षी आईच्या नाकपुडीशेजारी एक चकचकीत गाठ आली. बेसल सेल कार्सिनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरची शंका म्हणून बायोप्सी झाली. अहवाल येईपर्यंत घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. कॅन्सर नव्हता. व्रण मात्र राहिला, आणि फोटो काढताना आई अजून मान वळवते.

तेव्हापासून मी रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल मायक्रोस्कोपीबद्दल वाचते आहे. मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली बोस्टनहून दाखवून दिलं, की जिवंत त्वचेतल्या पेशी नुसत्या लेझरच्या परावर्तित प्रकाशात दिसतात. सुई नाही, रंग नाही. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य आसपासच्या पेशीद्रव्यापेक्षा प्रकाश जास्त परतवतं, म्हणून ते आपणहून उजळतं. आपल्या सावळ्या त्वचेत तर ते भरपूर! माझं ठाम मत आहे, की चेहऱ्यावर आधी हे यंत्र लावावं, सुरी नंतर. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ते असायलाच हवं.

पॅथॉलॉजिस्ट, विदर्भ:
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधात आहे. या प्रकाशाची धाव जेमतेम पाव मिलिमीटर. पंच बायोप्सी, म्हणजे गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा, खालच्या चरबीपर्यंत जाते. गाठ किती खोल गेली आहे, हे वरवर पाहून कसं सांगणार?

शिवाय माझ्या टेबलावर काय येतं ते बघा. कुष्ठरोगाचे जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण भारतात सापडतात. ते जंतू मला खास रंग दिल्यावरच लाल दिसतात. रंगाशिवाय मी काय शोधू? सरकारी पैसा आधी तिथे जावा.

त्वचारोग विभागातली निवासी डॉक्टर:
मॅडम, ताईंचा प्रश्न कुष्ठरोगाचा नाहीच. संशयित तिळांपुरतं बोलायचं तर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, ९० टक्के मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) पकडले जातील असं धरून तुलना केली आहे. तेव्हा निरोगी तीळ बरोबर सोडून देण्याचं प्रमाण डर्मोस्कोपीत (प्रकाश असलेल्या भिंगातून त्वचा बघणं) ४२ टक्के, कॉन्फोकलमध्ये ८२ टक्के. म्हणजे कितीतरी विनाकारण काप वाचतात.

आणि कोड? निरोगी त्वचेत तळच्या थरातलं मेलॅनिन उजळ कड्यांसारखं दिसतं. कोडात ती कडी विझतात. उपचार लागू पडले, की केसांच्या मुळांभोवती रंग परत येऊ लागतो. ही वाटचाल मला त्याच रुग्णाच्या त्याच जागी महिनोन्‌महिने बघता येते, अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून धावणाऱ्या रक्तपेशींसकट. बायोप्सी केली तर बघायला ती जागाच उरत नाही. संशोधनासाठी याहून मोलाचं काय असेल?

पॅथॉलॉजिस्ट, विदर्भ:
कोडाचं मान्य, शंभर टक्के. पण तुमचे आकडे मुख्यतः गोऱ्या त्वचेवरचे आणि मुरलेल्या तज्ज्ञांचे. आपल्याकडचा मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायाला निघतो. तिथला शिंगी थर, म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा निर्जीव थर, इतका जाड, की प्रकाश कामाच्या जागी पोचतच नाही.

लेझर भौतिकीवाला, पुणे:
कॉन्फोकल हा यातला एकच प्रकार. मल्टिफोटॉनमध्ये, म्हणजे दोन किंवा जास्त प्रकाशकण एकाच वेळी वापरणाऱ्या पद्धतीत, त्वचेतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू स्वतःच अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश देतात आणि पेशींतलं एनएडीएच हे ऊर्जानिर्मितीतलं रसायन आपोआप चमकतं. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गॉपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर मांडलेली ही कल्पना अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० साली सूक्ष्मदर्शकात उतरली. खोलीची अडचण मात्र त्यातही सुटत नाही.

एका गोष्टीत मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या बाजूने आहे. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या गटाने कॉन्फोकल चित्रांना संगणकाकडून बायोप्सीच्या स्लाइडसारखा गुलाबी-जांभळा रंग चढवून दाखवला. काम सुंदर आहे. पण तो रंग संगणकाचा अंदाज आहे. त्यावर कुणी कॅन्सरचं निदान करू नये.

विषय मांडणारी:
तळपायाचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो मान्य. पण नाकावरचा शिंगी थर पातळ असतो. तिथे यंत्राने ‘काही नाही’ म्हटलं, तर तीन महिने वाट बघून पुन्हा तपासायला काय हरकत आहे?

पॅथॉलॉजिस्ट, विदर्भ:
तुमच्या आई तीन महिन्यांनी येतील, ताई. आमच्याकडे दोन एसट्या बदलून, मजुरी बुडवून आलेली बाई पुन्हा येईलच असं नाही. तिची बायोप्सी मी त्याच दिवशी करायला सांगेन.