वापरलेलं सीझेड ७५ घ्यावं का?

प्रश्न: क्लबातले एक ज्येष्ठ नेमबाज हात थरथरू लागल्यामुळे त्यांचं ९ मिमी सीझेड ७५ पिस्तूल विकतायत. परवाना आणि हस्तांतराची कागदपत्रं रीतसर होतील. मूठ हातात अशी बसते की खाली ठेववत नाही. पण आजवर किती गोळ्या झाडल्या, हे त्यांनाही आठवत नाही, आणि नळीच्या तोंडाशी रंग उडालाय. काय बघू?

उत्तर: रंगाचं सोडा, ती होल्स्टरची, म्हणजे कमरेच्या म्यानाची घासण असेल. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामं असल्याची नजरेनं आणि बोटानंही खात्री करा. मग पिस्तूल खोलून नळी उजेडाकडे धरा. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, ठसठशीत हवेत. एखादं गडद कडं दिसलं तर नळी फुगलेली असू शकते. मग घेऊ नका.

उत्तर: मीही असंच वापरलेलं घेतलं होतं. झाडलेल्या पुंगळ्या अडकायच्या आणि मी दोन आठवडे माझ्या मनगटाला दोष देत राहिले! दोष होता थकलेल्या रिकॉइल स्प्रिंगचा, म्हणजे स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा. ती स्वस्त असते, घेतल्याबरोबर बदलाच. स्लाइड स्टॉपची (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याची) पिन भिंगातून बघा, जुन्या सीझेडमध्ये ती मोडू शकते. मॅगझिनचे ओठ, म्हणजे तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या कडा, वाकलेत का, तेही पाहा.

प्रश्नकर्ता: आज त्यांच्यासमोरच खोललं. आटे स्वच्छ आहेत, पिनेला मात्र केसाएवढा तडा दिसला. काकांनी स्वतःहून नवी पिन मागवली. ती बसली की रेंजवर ५० गोळ्या झाडून बघतो, मगच हो म्हणेन.