जीपी८० काढून टाकलं तरी स्लाइम मोल्ड नीट वाढतो, मग ते प्रोटीन करतं काय?

पेशीवेडी:
डिक्टिओस्टेलियम या स्लाइम मोल्डवर (मातीत राहणारे एकपेशीय अमीबा) प्रोजेक्ट चालू आहे. उपासमार झाली की सुट्या पेशी गोळा होतात आणि पृष्ठभागावरच्या जीपी८० प्रोटीनमुळे एकमेकींना चिकटतात, इथपर्यंत कळलं. पण त्याचा जीन बंद केलेल्या पेशी अगारवर (लॅबमधला जेलीसारखा थर) ठेवल्या तर ढिगारा होतो, स्लग (सगळ्या पेशींचा मिळून सरपटणारा गोळा) होतो, शेवटी देठ आणि त्यावर बीजाणूंचा गोळा, सगळं व्यवस्थित होतं!! मग त्याचा उपयोग काय? दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

गढूळपाणी:
अगं चिकटवणारं प्रोटीन एकटं नाहीये, एकामागून एक येतात. आधी डीडीकॅड-१, त्याला कॅल्शियम लागतं. मग सायक्लिक एएमपीच्या (पेशी एकमेकींना बोलावायला सोडतात ते रसायन) लाटा सुरू होतात, साधारण दर ६ मिनिटांनी एक, आणि त्या लाटांमुळेच जीपी८० भराभर वाढतं, याला कॅल्शियम नसलं तरी चालतं. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. हलत्या फ्लास्कमधे ईडीटीए टाक, ते कॅल्शियम धरून ठेवतं. नुकत्याच उपाशी ठेवलेल्या पेशी सुट्या होतात, पाणी एकसारखं गढूळ. ७-८ तास उपाशी असलेल्या मात्र गुठळ्या सोडतच नाहीत, पाणी कणीदार दिसतं.

जर्मन शास्त्रज्ञ गेरिश यांच्या लॅबने १९७० च्या दशकात पेशींवरच्या चिकटणाऱ्या जागा अँटिबॉडीने झाकून हे पकडलं, आणि मला त्यातली युक्ती फार आवडते, पूर्ण अँटिबॉडीला दोन हात, तीच दोन पेशींना जोडून टाकणार, म्हणून त्यांनी तिचे एका हाताचे तुकडे वापरले.

मातीकण:
वरचं बरोबर आहे पण मूळ प्रश्नाचं उत्तर अगारमधेच आहे असं मला वाटतं. अगार गुळगुळीत, तिथे कमी चिकट पेशीसुद्धा ढिगाऱ्यापर्यंत पोचतात. २००३ मधे एका प्रयोगात साध्या पेशी आणि जीपी८० नसलेल्या पेशी एकत्र मिसळल्या. अगारवर जीपी८० नसलेल्यांचा उलट फायदा झाला, पकड ढिली असल्यामुळे त्या स्लगमधे मागे सरकतात, आणि देठ होऊन मरतात त्या पुढच्या पेशी, मागच्यांचे बीजाणू होतात. मातीवर मात्र चित्र पालटलं. साध्या पेशी एकमेकींना धरून ओढत गेल्या आणि या बिचाऱ्या बाहेरच राहिल्या.

पेशीवेडी:
बापरे, म्हणजे मी जागाच चुकीची बघत होते! आणि टीजीआरसी१ हे दुसरं चिकटवणारं प्रोटीन काढलं तर? तेही असंच अगारवर चालून जातं का?

गढूळपाणी:
नाही, तिथे गाडी सैल ढिगाऱ्यावरच अडकते, पुढे स्लग होतच नाही. ते शेजारच्या पेशीवरच्या टीजीआरबी१ प्रोटीनला धरतं, आणि ही जोडी प्रत्येक स्ट्रेनमधे (एकाच जातीतल्या वेगळ्या वंशात) थोडी वेगळी असते, त्यामुळे जुळली नाही तर स्ट्रेन वेगळे होतात. म्हणजे चिकटवण्यासोबत आपलं कोण हेही तीच जोडी ठरवते.

पेशीवेडी:
मग एक बॅच अगारवर आणि एक ओलसर मातीवर लावते, दोन्हीकडे त्याच मिश्रणातल्या पेशी.