परवान्याचा दर ठरवायचा, तर करार पाहायचा कोणी?

मुद्देसूद: मानकासाठी, म्हणजे ४जी सारख्या सर्व उत्पादकांनी पाळायच्या तांत्रिक नियमांसाठी, अपरिहार्य असलेल्या पेटंटचा रास्त दर खटल्यात पेटंटधारकाने इतरांशी केलेल्या परवाना-करारांवरून जोखला जातो, आणि त्या करारांतले आकडेच त्याने सर्वांत जपलेले असतात. ते बाहेरचे वकील आणि तज्ज्ञ यांच्यापलीकडे जाऊ नयेत, असे माझे मत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांतील ‘कॉन्फिडेन्शिॲलिटी क्लब’, म्हणजे गोपनीय कागद पाहण्याची मुभा असलेला ठरावीक व्यक्तींचा गट, याच धर्तीचा आहे : प्रत्येक पक्षाचे जास्तीत जास्त तीन वकील, तेही कंपनीच्या नोकरीत नसलेले, आणि दोन बाहेरचे तज्ज्ञ. कंपनीच्या अधिकाऱ्याने एकदा वाचलेला आकडा तो पुढच्या वाटाघाटीत विसरणार कसा?

ताळेबंद: ज्याने पैसे मोजायचे, त्यालाच हिशेब दाखवायचा नाही, हे मला पटत नाही. करारात नुसता दर नसतो; परस्पर-परवाने असतात, मागील विक्रीबद्दलची एकरकमी तडजोड असते, विक्री वाढेल तसा उतरणारा दर असतो, आणि यातले काय आपल्या धंद्याला लागू पडते हे वकिलापेक्षा धंदा चालवणाऱ्याला अधिक कळते. पेटंटधारक इंटरडिजिटल विरुद्ध मोबाइल बनवणारी शाओमी या प्रकरणात वादी इंटरडिजिटलने मागितलेली, प्रतिपक्षाच्या प्रतिनिधींना आतल्या वर्तुळाबाहेर ठेवणारी दुहेरी व्यवस्था दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये नाकारली, ती योग्यच.

मुद्देसूद: गळतीचे काय? कॅलिफोर्नियातील ॲपल-सॅमसंग खटल्यात एका तज्ज्ञाच्या अहवालातील गोपनीय मजकूर पुरेसा न झाकता तो सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांना उघडता येईल अशा सर्व्हरवर ठेवला गेला. त्यात ॲपल आणि नोकियाच्या कराराच्या अटी होत्या. पुढे जून २०१३ मध्ये वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्या सॅमसंगच्या अधिकाऱ्याला त्या ठाऊक असल्याचे आढळले, असे नोकियाने न्यायालयाला सांगितले. जानेवारी २०१४ मध्ये खर्चाची भरपाई देण्याचा आदेश झाला. पण भरपाईने गुपित परत येत नाही.

ताळेबंद: हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे! गळती बाहेरच्या वकिलांच्या, म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर भरवसा ठेवता त्यांच्याच, हातून झाली.

उंबरठा: एकाच अधिकाऱ्याला, लेखी हमी घेऊन, करार पाहू द्यावा आणि ठरावीक काळ त्याने कोणत्याही परवाना-वाटाघाटीत बसू नये, अशी अट घालता येईल.

मुद्देसूद: हे मला बव्हंशी मान्य आहे, मात्र प्रत त्याच्या हाती देऊ नये, वकिलाच्या कार्यालयात बसून वाचावे.

ताळेबंद: मोठ्या कंपनीला हे परवडेल. जिथे परवान्यांचे काम पाहणारा एकच माणूस आहे, तिथे त्याला बाजूला बसवले तर वाटाघाटी करणार कोण?