जुनी सायकल: सुटे भाग बदलावेत की सायकलच नवी घ्यावी? बेळगाव-खानापूर-निपाणी-कारवारकडचे अनुभव लिहा

पाऊस उघडून रस्ते वाळले की बेळगावात सायकली पुन्हा बाहेर निघतात, आणि दुकानादुकानांत एकच बोलणं सुरू होतं: हिच्यावर आता खर्च करावा की नवी घ्यावी? दुकानदार नवी दाखवतो, मित्र जुनीलाच चांगले गिअर बसव म्हणतात. पुण्या-मुंबईचे सल्लेही भरपूर मिळतात, खरं कणकुंबीचा पाऊस, खानापूरचा तांबडा चिखल आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेले रस्ते यांत सायकलीचं काय होतं ते आपल्यालाच माहीत. म्हणून हा धागा.

नुसती किंमत लिहू नका. फ्रेम लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमची, चाक कुठल्या मापाचं, मागं फ्रीव्हील (दाते आणि त्यांना मोकळं फिरू देणारी यंत्रणा एकत्र, हबवर म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर आट्यानं चढणारी) की कॅसेट (यंत्रणा हबमध्येच, वर नुसत्या दात्यांच्या चकत्या), आणि सायकल कशासाठी चालवता, हे जरूर लिहा.

माझं मत आधीच सांगतो. झिजलेला भाग बदलणं वेगळं आणि सायकल वरच्या दर्जाची करणं वेगळं. पहिलं काम जवळजवळ नेहमीच परवडतं. दुसरं परवडतं ते फ्रेममध्ये नव्या भागाला जागा असेल तरच. ही जागा आधी न बघता लोक भाग मागवतात, आणि मग एका भागापायी दुसरा, दुसऱ्यापायी तिसरा असं होत जातं.

निपाणीहून

आमच्याकडं वडिलांची २८ इंची काळी अ‍ॅटलस आहे. दांड्यांचे ब्रेक, कॉटर पिनचे क्रँक (खुंटीनं अडकवलेले पायडलचे दांडे), मागं भक्कम कॅरिअर. वेदगंगेच्या काठावरून निपाणीत दूध घालायला त्यांनी तीच वापरली, आता धाकटा भाऊ वापरतो. त्याला तिच्यावर गिअर आणि वायरचे ब्रेक पाहिजे होते. आमच्या मिस्त्रीमामांनी चाक सोडवून त्याच्यापुढं धरलं आणि दाखवलं. दांड्याच्या ब्रेकचं रबर रिमला आतल्या बाजूनं, आऱ्यांकडून लागतं. त्यामुळं त्या रिमची कड गोल असते, तिला वायरच्या ब्रेकनं दाबायला सपाट बाजूच नसते. म्हणजे ब्रेक बदलायचा तर रिम बदला. आताच्या सायकलींची ७०० ची रिम घातली तर टायरही बदला, कारण २८ बाय दीडचा टायर जिथं बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर आणि ७०० चा ६२२. आणि इतकं करून फ्रेम तीच जड राहणार.

आम्ही मग साधंच केलं. पूर्ण ओव्हरऑइलिंग, बेअरिंगचे नवे कोन आणि गोळ्या, नव्या कॉटर पिना, ब्रेकची रबरं, दोन्ही चाकांची आऊट (डुलणं) काढून घेतली. आणि एकच बदल: मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं घातलं. पुढं ४४ आहेत. आधी पायडलच्या एका फेऱ्याला चाक २.४४ वेळा फिरायचं, आता बरोबर २ वेळा. चेन इंचभर जास्त लागली, म्हणजे एक जोडी कडी. सपाट रस्त्यावर थोडा वेग जातो, खरं दुधाचे कॅन लावून चढ आला की भावाला आता उतरावं लागत नाही.

साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला तेव्हा वडिलांना काळजी वाटली होती की आता भाग मिळायचे नाहीत. तसं काही झालं नाही. या काळ्या सायकलींची मापं सगळ्या कंपन्यांची सारखीच असल्यानं कुठलाही कोन, कुठलीही पिन बसते.

धागाकर्ता

एकेरी गिअरच्या सायकलवाल्यांनी फ्रीव्हीलचा हा उपाय आधी करून बघावा असं मी आग्रहानं सांगेन. गिअरची नवी सायकल घ्यायला निघालेल्या पुष्कळांना खरं तर चार दाते जास्त एवढंच पाहिजे असतं.

उद्यमबाग, बेळगावहून

मी लेथवर असतो, सायकलचं दुकान नाही, खरं गल्लीतल्या निम्म्या सायकली माझ्याकडंच येतात. माझी स्वतःची जुनी रेसर आहे. लोखंडी फ्रेम, पितळानं झाळलेले जोड, २७ बाय सव्वाची चाकं, मागं सहा चकत्यांचं फ्रीव्हील. फ्रेम इतकी सरळ की टाकवेना. तिला आठ गिअर पाहिजे होते.

पहिलं माप मागचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्यातल्या फटीचं. माझी १२६ मिलिमीटर, नव्या हबला १३० लागते. लोखंडी फ्रेम असली की दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर उघडता येते. ताकद लावून ओढायचं नाही, हळूहळू घ्यायचं आणि प्रत्येक वेळी दोऱ्यानं बघायचं. मागच्या एका खाचेपासून दोरा काढून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आलं पाहिजे. नाही आलं तर एकच बाजू वाकलीय, चाक कायम तिरकं बसणार. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हा उद्योग अजिबात करू नका. तिथं वाकवलं की चिरतंय, आणि चीर रंगाखाली दिसत नाही.

दुसरं माप चाकाचं. २७ इंचीचा व्यास ६३०, ७०० चा ६२२. आठाचा फरक म्हणजे ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली आली पाहिजेत. माझ्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होती म्हणून जुनेच ब्रेक चालले. जागा नसती तर लांब हाताचे ब्रेक आणावे लागले असते.

गिअरच्या कळा बदलायची गरजच पडली नाही. माझ्या जुन्या पद्धतीच्या, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या, टकटक न वाजणाऱ्या. त्यांना मागं सहा आहेत की आठ, काही फरक पडत नाही. कानानं आणि हातानं गिअर लागतो.

फ्रीव्हील सोडून कॅसेट का, हे बरेच जण विचारतात. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडच्या गोळ्या हबच्या आत राहतात आणि त्यांच्यापुढं अ‍ॅक्सल बराच मोकळा असतो. सात चकत्यांत तो आणखी लांब. वजनदार माणूस खड्ड्यातून गेला की तिथंच वाकतो. कॅसेटच्या हबला गोळ्या अगदी कडेला असतात. माझ्याकडं वाकलेले अ‍ॅक्सल येतात ते बहुतेक सगळे फ्रीव्हीलचेच.

क्रँकमधले कप-कोन काढून सीलबंद बेअरिंगचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेममधला भाग) घातला. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं. हे माहीत नसलेला माणूस लांब पाना लावून जोर करतो आणि फ्रेमचे आटे खातो. आटे गेले की फ्रेम गेली.

चाकं, कॅसेट, चेन आणि बॉटम ब्रॅकेट मिळून जो खर्च आला त्यात मला अशी लोखंडी फ्रेम नव्यात मिळाली नसती. म्हणून माझ्यापुरतं उत्तर सोपं होतं.

खानापूरहून

मी इथं कॉलेजात शिकवते. जांबोटीच्या रस्त्यानं जायला मला आवडतं, जमलं तर चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत. माझी २६ इंची अ‍ॅल्युमिनियमची सायकल होती, व्ही-ब्रेकची (दोन हातांनी रिमच्या बाजू दाबणारे ब्रेक). आपल्याकडच्या पावसाळ्यात तांबडा चिखल ब्रेकच्या रबरात बसतो आणि तो कानशीसारखा रिम घासत राहतो. रिमच्या बाजूला पट्टी लावून बघितली तर मधे खोलगट झाली होती. अशी रिम हवेच्या दाबानं फुटू शकते, तेव्हा ती बदलणं भागच होतं.

मला डिस्क ब्रेक पाहिजे होते. इथं धागाकर्त्या दादांचा फ्रेममधल्या जागेचा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. माझ्या फ्रेमला मागं डिस्कचा कॅलिपर बसवायला उंचवटाच नव्हता, पुढच्या फोर्कलाही नव्हता. हब डिस्कचे नव्हते. म्हणजे फोर्क, दोन्ही चाकं, ब्रेक सगळं नवं, आणि तरी मागं व्ही-ब्रेकच राहणार. शिवाय ती फ्रेम माझ्या उंचीला मोठी होती. हँडलचा दांडा आखूड करून खांदे थोडे सुटतात, पण वरच्या नळीवर पाय टाकून नीट उभं राहता येत नसेल तर त्या फ्रेमवर पैसे घालण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे.

मी नवी घेतली. घेताना दोनच गोष्टींवर अडून बसले: माझ्या मापाची फ्रेम आणि मागं कॅसेट. २१ गिअर असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पुष्कळ सायकलींत मागं सात चकत्यांचं फ्रीव्हीलच असतं. त्यापेक्षा कमी गिअर असले तरी कॅसेटवाली घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तोही थोडा आधार झाला. जुनीला चांगली रिम घालून भाचीला दिली. ती उंच आहे आणि गावातच फिरते, तिला व्ही-ब्रेक पुरतात.

कारवारहून

आमच्याकडं प्रश्न खाऱ्या हवेचा. बाहेरून रंग शाबूत आणि आतून फ्रेम कुजलेली, असं होतं. सीटच्या नळीतून पाणी आत उतरतं आणि खाली क्रँकजवळ साठतं. माझ्या लोखंडी सायकलीला तिथंच आरपार भोक पडलं. वेल्डिंगवाला जोडून देतो म्हणाला, पण शेजारचा पत्राही पातळ झाला होता. चाकं, गिअर मात्र चांगले होते. तेव्हा त्याच मापाची वापरलेली फ्रेम शोधली आणि सगळं तिच्यावर चढवलं. हा तिसरा मार्ग कुणी फारसा सांगत नाही. दोन्ही फ्रेमची चार मापं जुळली पाहिजेत: मागची फट, बॉटम ब्रॅकेटची रुंदी, सीटच्या दांड्याचा व्यास आणि हेडसेट (फोर्क ज्यात वळतो ती बेअरिंग). किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दरवर्षी सीटचा दांडा बाहेर काढून ग्रीस लावावं. लोखंडी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं तसाच राहिला तर धरून बसतो, मग करवतीशिवाय निघत नाही.

सदलग्याहून

२००६-०७ पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यातली माझी. आता आई मळ्यात जायला वापरते. टायर, ट्यूब, सीट आणि चेन बदलली. नवी घे म्हटलं तर आई ऐकत नाही, आणि तिचं बरोबर आहे. दीड मैलाच्या सपाट वाटेला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

शहापूर, बेळगावहून

माझी ७०० च्या चाकांची हायब्रिड, तीन बाय आठ (पुढं तीन चकत्या, मागं आठ). गिअर उड्या मारायला लागले तेव्हा मला कुणी पूर्ण ग्रुपसेट (गिअरचे सगळे भाग) बदल म्हटलं. आधी चेन मोजली. साधी पोलादी पट्टी पुरते. नव्या चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. त्यात एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर कॅसेटही गेली म्हणून समजा, कारण लांबलेली चेन दात्यांनाही आपल्यासारखंच झिजवते.

माझी मधल्या मापावर होती, म्हणून दोन्ही बदललं, वायरी आणि त्यांची वेष्टनं नवी घातली. बदलतच होतो तर कॅसेट २८ ऐवजी ३४ दात्यांपर्यंतची घेतली. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा होता आणि ३४ घेऊ शकत होता, हे आधी तपासलं. येळ्ळूरहून राजहंसगडाच्या चढाला आता बसून जाता येतं. डिरेलर, कळा, क्रँक सगळं जुनंच आहे.

हल्याळहून

मी विद्यार्थी आहे. ओळखीतले एक काका त्यांची जुनी २१ गिअरची सायकल स्वस्तात देतायत. मागं सात चकत्या आहेत. घेऊन नंतर नऊ गिअर करता येतील का?

धागाकर्ता

नऊच्या मागं लागू नकोस. त्यासाठी मागचा हब, कॅसेट, चेन आणि उजवी कळ बदलावी लागेल, म्हणजे सायकलीच्या किमतीइतकाच खर्च. सातवरच चालव. आठची साधी चेन सातला बसते, ती आपल्याकडं कुठंही मिळते.

घेण्याआधी मात्र एवढं बघ. सायकल उलटी करून मागचं चाक फिरव. रिम डुलत असेल तर आऊट निघते. मग चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरव, त्याचं टोक डुलताना दिसलं तर अ‍ॅक्सल वाकलाय, तो खर्च किमतीतून वजा कर. क्रँक धरून आडवा हलव, खडखड आली तर बॉटम ब्रॅकेट बघावा लागेल, तेही होण्यासारखं आहे. शेवटी फोर्कच्या मुळाशी आणि खालच्या नळीच्या पुढच्या जोडाखाली बोट फिरव. तिथं रंगाला आडवी सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती कुठंतरी जोरात धडकलेली आहे. तशी असेल तर काकांना नमस्कार करून परत ये.